दोन वाड्यांचा एकच तक्ता

चांगुणा नाखवा फोनवर ओरडूनच बोलायची. वाऱ्यात आणि लाटांत जन्म गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, असं तिचंच म्हणणं होतं. आषाढातल्या त्या सकाळी साडेनऊला तिचा फोन आला, तेव्हा कुंदा केंगलेने तो कानापासून चार बोटं लांब धरला.

"बाय, तुमचा भोंगा तीनदा बोंबलला. तीनदा मी सगळी वाडी उचलून तुफानघरात नेऊन बसवली. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, सगळी. वाळूचा एक कण हलला नाय. लोक माझ्या नावानं खडे फोडतात."

"चांगुणाताई, तुमच्या तिन्ही तक्रारी माझ्यासमोर आहेत. तिन्ही वेळा मी तो इशारा खोटा म्हणून नोंदवला. त्यावरून यंत्र शिकतं. म्हणून तर गेले नऊ दिवस भोंगा गप्प आहे."

"गप हाय ते बरंच हाय. पण मी त्यासाठी फोन नाय केला." चांगुणाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुम्ही मला ते कानाला लावायचं दिलंय ना, जमिनीचं ऐकायचं? मी रोज सकाळी लावते. आज त्यात दगड करकरताना ऐकला. मोठा दगड. दाढेखाली खडा यावा तसा. बाय, आमच्याकडं दगड कुठला? कोसभर नुसती पुळण हाय. हा दगड कुणाचा?"

कुंदाने "बघते" म्हणून फोन ठेवला. हातातला चहा तिने प्यायलाच नाही.

ती काम करत होती त्या पुण्यातल्या केंद्राचं काम एकच होतं, जमिनीचं ऐकायचं. सह्याद्रीतल्या दरडीखालच्या गावांत आणि किनाऱ्यावरच्या खचत्या वाड्यांत मिळून साडेतीनशे ठिकाणी जमिनीत काचतंतूच्या तारा पुरलेल्या होत्या. तंतूत प्रकाशाची चमक सोडायची. काच कितीही निर्मळ केली तरी तिच्यात कणाएवढे दोष राहतातच, आणि त्या प्रत्येक दोषावरून प्रकाशाचा थोडा अंश मागे परततो. जमीन केसभर हलली तरी तंतू ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशाची वेळ बदलते. म्हणजे तारेचा वारभर तुकडा हा एकेक कान. असे हजारो कान एका गावाखाली.

प्रत्येक गावाचा डेटाबेसमध्ये स्वतःचा तक्ता होता आणि तक्त्याला गावाचंच नाव. त्या तक्त्यातून यंत्र त्या गावच्या जमिनीची रोजची सवय शिकायचं. कुठे लाटांचा ठोका, कुठे ओढ्याचा खळखळाट, कुठे बैलगाडीचा धडधडाट. सवय मोडली की भोंगा आपोआप वाजायचा. मध्ये बटण दाबणारं कुणी नव्हतं. नंतर माणसाने एवढंच सांगायचं की इशारा खरा होता की खोटा. खोटा म्हटलं की यंत्र समजायचं, हा आवाज निरुपद्रवी. पुढच्या वेळी याला घाबरायचं नाही.

कुंदाने चांगुणाच्या गावाचा, दर्याच्या वाडीचा तक्ता उघडला. तिथे चार तारा होत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तक्त्यात नऊ दिसत होत्या.

तिने पुन्हा मोजल्या. नऊच. वरच्या पाच तारांचे क्रमांक किनाऱ्यावरचे नव्हते, डोंगरातले होते. त्यातला एक तर तिला तोंडपाठ होता. तीन वर्षांपूर्वी ती तार तिनेच पुरून घेतली होती. तिच्या माहेरच्या घरामागे, हिरड्याच्या झाडाखाली. तिच्या माहेरचं गाव दऱ्याची वाडी. भीमाशंकरच्या बाजूला, दोन डोंगरांच्या बेचक्यातल्या दऱ्यात वसलेली सेहेचाळीस घरांची वस्ती.

तिने दऱ्याच्या वाडीचा तक्ता शोधला. यादीत तो नव्हताच.

मग मात्र ती खुर्चीतून उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. काय झालं असेल ते तिला एका क्षणात कळलं होतं, कारण ते तिनेच केलं होतं.

गेल्या वर्षी सगळ्या राज्यांचे तक्ते देशाच्या एका मोठ्या साठ्यात हलवले गेले. त्या साठ्याची अट होती की तक्त्यांची नावं साधी हवीत, अक्षरांना चिकटलेल्या जादा खुणा काढून टाकलेल्या. हा नियम मुळात रोमन अक्षरांवरून आलेला. तिकडे अक्षरावर तिरपी रेघ असली काय नि नसली काय, शोधणाऱ्याला नाव सापडतंच. म्हणून नावांतून रेघा, टिंबं झाडून टाकायची पद्धत होती. मराठी नावांसाठी तो नियम बसवायचं काम कुंदाकडे आलं. काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार यांना तिने हात लावू दिला नाही. काढलं ते फक्त अक्षराखालचं टिंब. उर्दूतून आलेल्या शब्दांत 'ज'खाली कुणी टिंब देतं, कुणी देत नाही. एकाच गावाचे उगाच दोन तक्ते नकोत, एवढाच तिचा हेतू. दोनशे नावांवर तिने नियम चालवून पाहिला. एकही चुकलं नाही.

पण 'ऱ' हे अक्षर यंत्राच्या पोटात दोन तऱ्हांनी ठेवता येतं. एक तर स्वतंत्र आकडा म्हणून. नाही तर साधा 'र' आणि त्याच्याखाली एक टिंब म्हणून. रूपांतर करणारी आज्ञावली आधी प्रत्येक अक्षराचे असे सुटे भाग करायची आणि मग टिंबं झाडायची. 'दऱ्या'तलं टिंब गेलं आणि उरला तो 'दर्या'. डोंगराच्या कुशीतलं गाव नावापुरतं समुद्रावर जाऊन बसलं. पाठोपाठ खरी दर्याची वाडी आली, तेव्हा त्या नावाचा तक्ता आधीच हजर होता. यंत्राने तिच्या ओळी त्यातच ओतल्या. कुणाची हरकत नव्हती, नाव तर एकच होतं. भोंग्याच्या रकान्यात मात्र एकच क्रमांक मावत होता, तिथे नंतर आलेल्या दर्याच्या वाडीच्या भोंग्याचा राहिला; चांगुणाच्या कानातही आता दोन्ही गावांच्या तारांचा आवाज येत होता.

म्हणजे ते तीन इशारे खरे होते. डोंगर हलला म्हणून भोंगा वाजला, तो दीडशे किलोमीटर लांब, वाळूवर. कुंदाने तिन्ही वेळा त्यापुढे 'खोटा' अशी खूण केली आणि यंत्राला शिकवलं की डोंगर करकरला तरी गप्प बसायचं.

केंद्राचे प्रमुख डॉ. अष्टेकर यांच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली. पाच तारांची नोंद तिने वेगळी काढून आणली होती. डोंगर सुटण्याआधी आत बारीक बारीक कडाके होतात. दगडातले सांधे उकलतात त्याचे. अमावास्येच्या दिवशी ते बत्तीस होते. मग एकेचाळीस, सत्तर, एकशे दहा. काल दोनशे चाळीस.

"आणि आज?" अष्टेकरांनी विचारलं.

"दहा वाजेपर्यंत एकशे ऐंशी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तक्ते वेगळे करायला तास पुरेल. यंत्राला नव्याने शिकवायला दीड-दोन दिवस लागतील. तोवर भोंगा मला वाजवता येत नाही. हाताने वाजवायची सोयच आपण काढून टाकली, तुमच्या गावच्या ठरावानंतर."

"माहीत आहे, सर."

"मी तहसीलदारांना लेखी कळवतो. पण गावं कागदावर उठत नाहीत." त्यांनी चष्मा परत घातला. "रूपांतराचा नियम कुणी लिहिला होता?"

"मी."

"हं. ते नंतर. तिथला पोलीस पाटील तुझा भाऊ ना? फोन कर."

"तो माझा फोन घेत नाही, सर. दोन वर्षं झाली."

दोन वर्षांपूर्वी यंत्र नवं होतं आणि भित्रं होतं, आणि त्याच्या सांगण्यावरून भोंगा माणसं वाजवायची. ऐन लावणीत त्याने दऱ्याच्या वाडीला तीनदा उठवलं. तिसऱ्या वेळी लोक हलेनात, तेव्हा कुंदा स्वतः गेली. घरोघर हातापाया पडून तिने वाडी ओढ्यापलीकडच्या शाळेत नेली. आईला ताप होता. "मला इथंच राहू दे गं," आई म्हणत होती. कुंदाने तिला डोलीत घालून नेलं. शाळेच्या ओल्या फरशीवर चार दिवस काढले. पाचव्या दिवशी आई गेली. डोंगर होता तिथेच होता. मातीला आलेल्या लोकांसमोर दामूदादा बहिणीला एवढंच बोलला, "डोंगर न्हाय पडला, कुंदे. आई पडली." त्यानंतर त्याने ग्रामसभेत ठराव करून घेतला की माणसाच्या सांगण्यावरून कुणी घर सोडणार नाही, यंत्राचा भोंगा वाजला तरच. तो ठराव वरपर्यंत गेला आणि सगळ्या गावांसाठी तोच नियम झाला.

कुंदाने केंद्राची जीप काढली. मंचर मागे पडेपर्यंत तिने दादाला अकरा फोन केले. मग वहिनीला केला. रखमावहिनीने उचलला.

"वहिनी, दादाला दे."

"ते खाचरात हाइत. लावणी चालू हाय."

"डोंगराचं काही वेगळं दिसतंय का गं तिकडं?"

"तू ये," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन वाजता ती वाडीत पोचली. पाऊस एकसारखा पडत होता. दामू केंगले गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होता. बांधावर उभ्या बहिणीकडे त्याने एकदा पाहिलं आणि हातातली मूठ लावून पुरी केली.

"भोंगा वाजला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग?"

तिने सगळं सांगितलं. आडवळण न घेता, स्वतःची चूक न लपवता. एका अक्षरापायी दोन गावं कशी एक झाली, भोंगा कुठे वाजला, खोटा म्हणून खूण कुणी केली. दामू ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं. त्याचे हात थांबले नव्हते.

"म्हंजे चूक तुझी."

"हो. माझीच."

"मागल्या बारीलाबी तूच सांगितलं व्हतंस. हात जोडून."

"हो."

"आता परत हात जोडतीस." त्याने दुसरी मूठ उचलली. "कशावर इस्वास ठेवू, कुंदे? तुझ्यावर, का तुझ्या यंत्रावर? ते तर गप हाय."

कुंदाच्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं, पण तिला ठाऊक होतं की आकडे सांगून हा माणूस हलायचा नाही. तिने खिशातून फोन काढला, चांगुणाला लावला आणि आवाज मोठा केला. चांगुणाच्या बाबतीत त्याची गरज नव्हती.

"चांगुणाताई, माझा भाऊ ऐकतोय. तो दगड याच्या गावाचा. तुमच्याकडं भोंगा कधी कधी वाजला, ते याला सांगा."

"काय पाटील," चांगुणा खाचरभर ऐकू जाईल अशी बोलली, "तुमचा भोंगा माझ्या डोसक्यावर वाजतोय व्हय? तीन बारी वाजला. पहिल्यांदा वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. माझ्या हातात अजून आदल्या दिवसाचा दोरा होता, म्हणून ध्यानात हाय. मग बुधवारी दुपारी, बाजाराला निघाले होते तवा. तिसऱ्यांदा अमावास्येला. होड्या काठावर होत्या."

दामूचे हात थांबले.

"वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी," तो हळूच म्हणाला.

"झरा लाल झाला व्हता," बांधावरून रखमावहिनी म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. "घागरीत गाळ आला. आन् त्या बुधवारी मागचं दार लागंना."

"दार फुगलं असंल म्हणून मी रंधा मारला," दामू म्हणाला. "पावसाचं फुगतंच." तो बहिणीकडे बघत नव्हता. "अमावास्येला बैलं वरच्या गोठ्यात जाईनात. मारलं तरी जाईनात. मी कुणाला बोललो न्हाय. म्हटलं, भोंगा वाजला न्हाय तर आपण कशाला."

"पाटील, ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला. "माझी लोकं मला येडी म्हणतात. म्हणू द्या. तीनदा उठवली आन् काय झालं नाय, तर मी रडले नाय. तुमची उठवा."

दामू खाचरातून बाहेर आला. पाटाच्या पाण्यात त्याने पाय धुतले, सावकाश, एकेक बोट. मग वाडीच्या दिशेने तो इतका भराभर चालू लागला की कुंदाला पळावं लागलं.

वाडी सहजासहजी उठली नाही. "पाटील, ठराव तुम्हीच केला व्हता," असं चारचौघांनी तोंडावर ऐकवलं.

"व्हय. मीच केला, मीच मोडतो. उठा."

"आन् डोंगर पडला न्हाय तर?"

"तर मला जोड्यानं मारा. पर शाळेत येऊन मारा."

शाळेचं नाव निघालं तशी कुंदा त्याला म्हणाली, "दादा, पलीकडच्या देवळात जाऊ या ना." त्याने मान हलवली. देवळाला पत्रा होता, शाळा पक्की होती. दिवस मावळायच्या आत सेहेचाळीस घरांतली दोनशे सात माणसं, शेळ्या, कोंबड्या आणि धान्याची पोती ओढ्यापलीकडे गेली. आई जिथे गेली त्या कोपऱ्यात कुणी पथारी टाकत नव्हतं. दामूने स्वतःची घोंगडी तिथे अंथरली.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि चक्क ऊन पडलं.

त्या उन्हासारखं वैरी दुसरं काही नव्हतं. समोर वाडी स्वच्छ दिसत होती. कौलं, परसातली दोडक्याची वेल, दोरीवर विसरलेलं लुगडं. सुटलेली रोपं खाचराच्या कडेला सुकत होती. माणसं ओढ्यापर्यंत जायची, उभी राहायची, परत यायची. कुंदा हातातल्या पडद्यावर कडाके मोजत होती. आदल्या रात्रीचे तीनशे. सकाळपासून साठ. दुपारी चाळीस. आकडे उतरत होते. डोंगर सावरत असेल तरी असंच दिसतं. सगळं वजन एकाच सांध्यावर येऊन थांबलं असेल, तोडण्यासारखं दुसरं काही उरलं नसेल, तरीही असंच दिसतं.

चारच्या सुमारास अष्टेकरांचा फोन आला. तक्ते वेगळे झाले होते, दऱ्याच्या वाडीचा भोंगा जागेवर जोडला होता आणि यंत्र डोंगराचं शिकायला लागलं होतं.

"काय म्हणतंय?" कुंदाने विचारलं.

"पिवळा. म्हणजे त्याला माहीत नाही."

दामू शेजारीच उभा होता. "खरं सांग," तो म्हणाला. "पडनार का?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं असतं तर माणसं थांबली असती. पण दोन वर्षांपूर्वी ती तेच म्हणाली होती.

"मला माहीत नाही, दादा. यंत्रालाही नाही. पण मी माझ्या पायानं तिकडं जाणार नाही."

त्याने मान डोलावली, जणू एवढंच त्याला हवं होतं. मग तो लोकांत जाऊन म्हणाला, "आणखी दोन दिस. अलीकडच्या खाचरात लावा, पलीकडं कुणी पाय टाकायचा न्हाय." लोक कुरकुरले. पण तो स्वतः ओढा ओलांडायच्या नेहमीच्या वाटेवर, सांडव्यावर, दगड टाकून बसला, तेव्हा पलीकडे जायचा प्रश्नच मिटला.

एकटा भागूजी हिले पुढच्या सकाळी उजाडताच खालून, करवंदीच्या जाळीतून गेला. त्याची म्हैस व्यायला झाली होती. तिला आणता आलं नव्हतं. सकाळी वैरण टाकून यायचं, असं तो सुनेला सांगून गेला, ते सुनेने दहा वाजून गेल्यावर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला भोंगा वाजला. आपल्याच गावात, आपल्याच डोंगराखाली. रिकाम्या वाडीवर तो घुमत राहिला आणि शाळेतली सगळी माणसं धावत ओट्यावर आली. दामू सांडव्यावरून ओरडत होता, "भागूजी! भागूजी!" कुणीतरी त्याला मागे खेचून धरलं होतं.

साडेतीन मिनिटं काहीच झालं नाही. मग हिरड्याची झाडं एकदम, उभीच्या उभी, खाली चालू लागली. आवाज त्यानंतर आला. धुळीचा नाही, चिखलाचा तो लोट होता. वरच्या आळीवर पडला तेव्हा घरं मोडताना दिसलीसुद्धा नाहीत, आधी होती आणि मग नव्हती. ओढ्याचं पाणी तटलं, फुगलं, बाजूने फुटून निघालं. शाळेच्या भिंती थरथरल्या आणि थांबल्या. मागाहून बराच वेळ वरून सुटे दगड येत राहिले, एकेक, घाई नसल्यासारखे.

एकतीस घरं गेली. दामूचं त्यात होतं.

म्हैस दुपारी ओढ्याच्या खालच्या अंगाला चरताना सापडली. गळ्यातलं दावं विळ्याने कापलेलं होतं. भागूजी दुसऱ्या दिवशी सापडला. दामूने आणि गावातल्या गड्यांनी त्याला हातांनी उकरून काढला. खोदायचं यंत्र लावू दिलं नाही.

कुंदाने शाळेतल्या मुलांच्या बाकावर बसून आपला जबाब लिहिला. नियम कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, कुठल्या अक्षरावर फसला, खोट्याची खूण किती वेळा आणि कुणी केली. शेवटी भागूजीचं पूर्ण नाव आणि वय लिहिलं. तो कागद घेऊन ती त्याच्या सुनेकडे गेली आणि वाचून दाखवला. सून ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांना जायला नगं म्हणायला मीबी व्हते की." एवढंच. कुंदाला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी अष्टेकरांनी यादी पाठवली. त्या एका नियमाने आणखी सात जोड्या एक केल्या होत्या. आचाऱ्याची वाडी आणि आचार्याची वाडी. अशाच दुसऱ्या. त्यांतली पाच गावं डोंगरातली आणि पाचही भोंग्यावाचून. रूपांतरानंतरचे आठ महिने तिथे भोंगा वाजूच शकला नव्हता. यंत्राला त्यांचं शिकवायला आठवडा लागणार होता. 'सोमवारी समितीची बैठक आहे,' अष्टेकरांनी लिहिलं होतं, 'तोवर अधिकृतपणे काही कळवता येणार नाही.' आणि खाली, वेगळ्या ओळीत, त्या पाच गावांच्या पोलीस पाटलांचे फोन नंबर.

कुंदाने पहिला नंबर लावला. आपण कोण, कुठून बोलतोय, ते सांगायला तिने सुरुवात केली. पलीकडच्या माणसाने मध्येच तोडलं.

"बाई, भोंगा वाजलाय का?"

"नाही, पण—"

"मग झालं तर. आमची लावणी चालू आहे." फोन बंद.

तिने पुन्हा लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदाही नाही. ती बाकावरून उठली, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली. पावसाची सर पुन्हा सुरू झाली होती.

दामू पायरीवर बसला होता. दोन दिवस उकरून त्याच्या नखांत चिखल घट्ट बसला होता, बोटं फुटली होती. तिचं चाललेलं तो बघत होता. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. तिने फोन दिला. त्याने आपल्या फोनवरून तो नंबर लावला आणि पलीकडून उचलेपर्यंत घंटी ऐकत बसला.

"राम राम, पाटील," तो म्हणाला. "मी दऱ्याच्या वाडीचा पोलीस पाटील, दामू केंगले. व्हय, तीच वाडी. टीव्हीवर दाखवली ती. ठेवू नका, दोनच गोष्टी इचारतो. तुमच्या झऱ्याचं पाणी कसं हाय? आन् घराची दारं लागत्यात का नीट?"

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. दामूने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भोंग्याचं म्हणता?" तो म्हणाला. "उठलो तवा आमच्याकडंबी वाजला नव्हता."